आत्तेच्या लसणाला कळी

१५ जानेवारी, गुरुवार

लसणाला दांडे आले म्हणे! आत्तेनं सहा वाजता हाक मारून उठवलं — मला वाटलं घरात साप निघाला. मागच्या वाफ्यात बघतो तर हिरवे, वाकडे दांडे, टोकाला चोचीसारखी कळी. ह्याच्यासाठी झोप मोडली. गोकर्ण झालं, हंपी झाली, हिमाचल झालं, आणि आता म्हैसूरला आत्तेकडं, बोगादीत लसूण बघत उभा. वा रे भुवन!

पण हा साधा लसूण नाही ना. बाळंतिणीचा लसूण! सुमाक्का — आत्तेची मुलगी — आठवा महिना, सीमंत, म्हणजे डोहाळजेवण, करून बाळंतपणाला माहेरी आलीय. बाळंतिणीच्या जेवणात घरच्याच मातीतला लसूण पाहिजे. "बाजारचा बेडा, माझ्या लेकीला बेडा." बेडा म्हणजे नको. दोन महिने झाले आत्तेचं हेच ऐकतोय.

१७ जानेवारी

शेजारचा उपेंद्र कुंपणावरून डोकावला. पुण्याहून आलेला साहेब. मिरचीच्या दोन कुंड्या आहेत आणि बोलतो असं की पन्नास एकर बागायत आहे.

"इंदिराताई, दांडे लगेच खुडा. सगळी ताकद फुलात जाते, खाली कांदा पोसत नाही. बियाणं कुठे ठेवलं होतं?"

"फ्रिजात. मुंग्या लागतील म्हणून."

लसणाला मुंग्या! कुठल्या मुंग्या लसूण खातात?

"तरीच! थंडी लागली की असे दांडे येतात."

आत्ते म्हणाली, "अय्यो, गर्भारीण घरात असताना कळी खुडत नाहीत हो. आमच्यात नाही चालत."

उपेंद्र हसला. ते शहाण्यांचं हसू. तो हसला म्हणून त्याचा राग आला, आत्ते असं बोलली म्हणून तिचा. म्हणजे बाळंतिणीसाठी लसूण मोठा पाहिजे, आणि त्याच बाळंतिणीसाठी तो मोठा होऊ द्यायचा नाही. असली डोकी! आमचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते. लढाईत काय केलं असेल कोण जाणे.

१८ जानेवारी

हूटगळ्ळीला एका गोडाऊनमध्ये काम आहे म्हणून गेलो. वाटेत एकजण जुन्या बाइकचं इंजिन खोलून बसला होता. चुकीचं बसवत होता, गाढव. दोन तास त्याच्याजवळ. गोडाऊन राहिलंच.

२१ जानेवारी

एक गड्डा उपटून बघितला. सुपारीएवढा! सुमाक्काला दाखवला. ती पाय वर करून पडलेली.

"बघ तुझा लसूण. हा सोलायला बसलीस तर पोर शाळेत जाईल तोवर."

हसली. मग म्हणाली, "आईला विचारून कर रे काय ते. तिच्या मनाला लागतं."

मनाला लागतं! ह्या घरात सगळं मनालाच लागतं. डोक्याला काही लागत नाही.

२२ जानेवारी

खुडले. सगळे. आत्ते देवळात गेली होती, सुमाक्का झोपलेली. कात्री नको काही नको, वाकवलं की टचकन मोडतात. हिमाचलात सफरचंदाच्या बागेत होतो तेव्हा तिथला स्वयंपाकी हे अंड्यात परतून द्यायचा. तसेच केले. एकट्यानं खाल्ले. फस्क्लास!

आत्ते आली. मागं गेली. परत आली आणि तांदूळ निवडायला बसली. मी भांडायला तयार होतो, सगळं बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं. तर ही खडे वेचतेय. काही माणसं भ्यायलाच जन्मतात.

२६ जानेवारी

सकाळी सुमाक्काच्या अंगावरून रक्त जायला लागलं. उपेंद्रनं गाडी काढली, काही न विचारता. दवाखान्यात ठेवून घेतलंय. बाळाचे ठोके नीट आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या — वार खाली आहे, आधीपासूनच खाली होती, म्हणून असं झालं. आता फक्त पडून राहायचं.

आधीपासूनच. मी त्यांना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडल्या.

लसणाशी काही संबंध नाही. लिहूनच ठेवतो. काही संबंध नाही.

२७ जानेवारी

आत्ते जेवली नाही. सुमाक्काच्या खोलीतली चादर दोनदा बदलली. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं रे. तू जेव."

२९ जानेवारी

सुमाक्काला घरी आणलं. मागोमाग तिच्या सासूबाई, जयवंतीबाई, लष्कर मोहल्ल्यातून आल्या. पाय धुवायला मागं गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "कळ्या कोणी खुडल्या ह्या?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

आत्ते म्हणाली, "मीच. लसूण बारीक राहील म्हणून."

"आईच असं करते, मग लेकीला हितं कुणाच्या भरवशावर ठेवू? बाळंतपण आमच्याकडं."

"बरं," आत्ते म्हणाली.

सुमाक्का माझ्याकडं बघत होती. मी तिची पिशवी उचलली आणि जयवंतीबाईंच्या गाडीत नेऊन ठेवली.