निशाणामागची पावलं

२ ऑक्टोबर १९१२
रनाळ्यापासून दोन कोसांवरच्या या गावी मास्तर म्हणून रुजू झालो. आधीचे मास्तर रतिलाल अजून इथेच आहेत. स्टेशनावर स्वतः बैलगाडी घेऊन आले, एका हातात कासरा, दुसऱ्यात फडकं गुंडाळलेली उंच काठी. माणूस लाख! धनुबाई जेवण करून देते. कळण्याची भाकरी झकास, ठेच्याने मात्र नाकाडोळ्यांतून पाणी काढलं.

९ ऑक्टोबर
पोरांना रोमच्या फौजेतला निशाणदार शिकवला. डोक्यावर अस्वलाचं कातडं, हाती उंच निशाण. तो जाईल तिकडे फौज, तो पळाला की सगळे मेले. रतिलाल दाराशी ऐकत होते. म्हणाले, आमच्या जुन्या गढीच्या शिबंदीचंही निशाण आहे, दसऱ्याला मिरवतो, यंदा मान तुम्ही घ्या. मी कसला सोडतो! रीत एकच, निशाण आपल्या तोंडाने मागायचं.

२० ऑक्टोबर
दसरा. मी मागितलं, रतिलालांनी दिलं. डोक्यावर बिबट्याचं कातडं, स्वारी ऐटीत! गाव मात्र भिंतींना चिकटून उभं, मागे कुणी चालेना. तरी पाठीशी शंभरेक पावलं वाजत होती. रतिलाल रडत होते. मान गेल्याचं वाईट वाटलं असेल. बायकोला, निर्मलेला, सकाळीच पत्र टाकलंय, लगेच निघून ये म्हणून.

२२ ऑक्टोबर
निशाणाची काठी खाली ठेवता येत नाही. डाव्या हाताची बोटं उघडतच नाहीत. मी चाललो की पावलं चालतात, थांबलो की थांबतात. धनुबाईने भाकरी उंबऱ्यावरच ठेवली. "मास्तर, मांगे दखू नका," म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. त्या शिबंदीचा निशाणदार ऐन लढाईत पळाला, सगळे कापले गेले. ते अजून निशाणामागे चालतात, रोज थोडे जवळ. दुसऱ्याने आपणहून मागितलं तरच काठी सुटते.

२४ ऑक्टोबर
रतिलाल गाडीत सामान भरत होते. विचारलं, का केलंत हे? एका ताटात जेवलो आपण. मान वर न करता म्हणाले, "मन्ही सुटका व्हयनी, मास्तर."

नीच! स्वतः सुटला. माझा धडा ऐकतानाच मला हेरलं त्याने —

२७ ऑक्टोबर
मानेवर श्वास. एकाचा नाही — निर्मलेला तार केली, येऊ नकोस —

२८ ऑक्टोबर
आली. तार पोचायच्या आधीच निघालेली. माझा सुजलेला हात बघून कळवळली. समोर उभी आहे, हात पुढे करून. म्हणते, "द्या इकडे, घटकाभर मी धरते."

नाही म्हणायचंय. म्हणणारच आहे, एवढं लिहून —

बोटं सैल होताहेत. किती बरं वाटतंय —

अजून नाही म्हटलेलं मी —