फुलवालीने पाहिलं

१० ऑगस्ट, रविवार

वारा मेला थांबेना! एका जास्वंदीसाठी सकाळभर अंगणात उकिडवी बसले. लेन्स आपली मागेपुढे कुंईकुंई करते, आणि तिने फूल पकडलं म्हणेपर्यंत फूल मान फिरवतं. शेवटी डाव्या हाताने देठ धरला आणि उजव्याने बटण दाबलं. फोटोत माझा अंगठाच जास्त छान आला.

बऱ्याच खटपटीनंतर एक बरा निघाला. मोबाईलला पिन लावून कॅमेऱ्यातला फोटो त्यात घेतला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. तेवढ्यात दूध उतू गेलं.

दुपारी उघडून बघितलं. फुलवालीने पाहिलं होतं. सगळ्यात पहिलं नाव तिचंच.

१२ ऑगस्ट

हे आज म्हणाले, "कुनाला दाखवायला काढती एवढे फोटो?" मी म्हटलं, तुम्हाला. हसले, चहा पिऊन दुकानात गेले.

खरं लिहायला ही वहीच तेवढी आहे. माझ्या मोबाईलमध्ये 'फुलवाली' म्हणून जी आहे, ती निकिता आहे. माझी मुलगी.

येत्या दिवाळीला दोन वर्षं होतील. कोर्टात लग्न करून दोघं दारात उभी राहिली. मुलगा आपल्यातला नाही, आम्हाला विचारलेलं नाही. ह्यांनी तिला एक शब्द बोलू दिला नाही. माझा हात ओढला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "हिच्याशी बोललीस, हिला भेटलीस तर माझ्या गळ्याची शपथ हाय." तेव्हा ह्यांच्या छातीत स्प्रिंग बसवून जेमतेम पावसाळा उलटला होता. अशा माणसाच्या गळ्याची शपथ कोण मोडेल? मी तरी नाही मोडणार. तिचा नंबर दोघांच्या मोबाईलमधून त्यांनीच काढून टाकला. मला तो पाठ होता, तो भाग वेगळा.

पण शपथ काय? बोलायचं नाही, भेटायचं नाही. फूल दाखवायचं नाही असं कुठे म्हणाले होते! मी बोलत नाही. मी फूल ठेवते, ती बघते. तीही एक अक्षर लिहीत नाही. शपथ घालताना ती समोरच होती ना.

कॅमेरा तिचाच. कॉलेजात असताना हौसेने घेतलेला, अगदी साधा, शिकाऊ लोकांचा. एका बॅगेवर गेली तेव्हा कपाटावर राहिला. गेल्या पावसाळ्यात हेच म्हणाले, "काढ भाईर. काचंला बुरशी धरंल. वापरायचा तर वापर." हार्डवेअरच्या दुकानदाराचा जीव हा असा वस्तूत! माणसांना बुरशी धरली तर चालते.

१५ ऑगस्ट

गोकर्ण. डोळ्याला निळी दिसते, कॅमेऱ्यात जांभळी येते. हट्टी आहे.

फुलवालीने पाहिलं.

१९ ऑगस्ट

आज एक गोष्ट कळली. तो एफचा आकडा कमी केला आणि फुलाच्या जवळ गेलं, की मागचं सगळं धूसर होतं. आमच्या घरामागे काय कमी पसारा आहे? घमेली, पायपांचे तुकडे, तुटका पंखा, गोठलेल्या सिमेंटची पोती. सगळं विरघळून गेलं आणि पुढे एकटी सदाफुली. मासिकातल्यासारखी. मीच बघत बसले.

मग मनात आलं, ही सदाफुली कुठल्या अंगणातली आहे हे निकिताला कळणार कसं? असलं फूल कुठेही काढता येतं. म्हणून आकडा पुन्हा वाढवला आणि मुद्दाम असा काढला की मागची निळी टाकी ओळखू येईल. लहानपणी ती त्या टाकीमागे लपून बसायची. आम्हाला ती कुठे आहे ते माहीत असायचं, तरी हे गल्लीभर हाका मारत हिंडायचे.

फोटो म्हणून वाईट आहे. तोच टाकला.

२४ ऑगस्ट, रविवार

"ही फुलवाली कोन गं?"

माझा मोबाईल ह्यांच्या हातात! सिलेंडरचा नंबर शोधत होते म्हणे. मी म्हटलं, कोपऱ्यावरचा फुलवाला भिमाजी नसला की हिच्याकडनं घेते.

"आता फोटोला फुलं इकत आनती का काय?"

"देवाला आणते," मी म्हटलं. देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. ह्यांनी मोबाईल परत दिला आणि सिलेंडरवाल्याच्या नावाने ओरडत बसले.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या बसल्या. मुखवटे पुसले, साड्या नेसवल्या, दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली. शेजारणीने विचारलं, "कोण आलं?" मी म्हटलं, "लक्ष्मी आली." हार घातलेल्या दोघींचा फोटो काढला. खिडकीतून ऊन आलं होतं, शेवंती इतकी सुरेख उठली की काय सांगू! आजवरचा सगळ्यात चांगला फोटो. खाली लिहिलं, 'सोन्याच्या पावलांनी माहेरवाशिणी घरी आल्या.' सगळेच लिहितात.

२ सप्टेंबर

दोन दिवस पुरण, सोळा भाज्या, हळदीकुंकू. पाठीचा कणा राहिला नाही. फोटोला खूप जणींनी हात जोडले, बदाम पाठवले. फुलवालीचं नाव दिसलं नाही. कामात असेल.

५ सप्टेंबर

कर्दळ टाकली. नाही पाहिलं.

६ सप्टेंबर

मधुमालती. नाही.

८ सप्टेंबर

रोज टाकते. दर थोड्या वेळाने उघडून बघते. भाचीने पाहिलं, भिशीतल्या बायकांनी पाहिलं, ह्यांनी पाहिलं, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोऱ्यानेसुद्धा पाहिलं. ती नाही.

भांडी घासताना एकदम लक्षात आलं आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. माहेरवाशिणी घरी आल्या! हे मी लिहिलं. कुणाला? जिला घरी येता येत नाही तिला. दोन मुखवट्यांना साड्या नेसवून, दारात पावलं काढून घरात घेतलं आणि वर फोटो काढून पोटच्या पोरीला दाखवला. आणि फोटो चांगला आला म्हणून खूशही झाले!

तिला काय वाटलं असेल? रडली असेल का? मुळात चिडकी आहे. चिडली असली तर बरं. रडली असली तर काय करू?

१६ सप्टेंबर

रात्रभर धो धो पाऊस. सकाळी पारिजातकाचा सडा चिखलात पडलेला. एकच फूल पानावर अडकून राहिलं होतं, ते काढलं. लहानपणी निकिता फ्रॉकच्या ओच्यात ही फुलं भरून आणायची आणि माझ्या पोळीच्या कणकेत टाकायची. पारिजातक तरी ती बघेल वाटलं.

नाही.

संध्याकाळी तिचं नाव उघडलं. 'निकी' एवढं लिहिलं. समोर हे पाण्याबरोबर गोळ्या घेत होते, एकेक करून, मान वर करून. गिळताना गळा हलत होता. लिहिलेलं पुसून टाकलं.

२० सप्टेंबर, शनिवार

पारनेरला थोरल्या नणंदेकडे, चांगुणाआक्कांकडे जाऊन आले. घटाच्या माळांना कारळ्याची फुलं हवी होती. आक्कांच्या बांधावर कारळा पिवळाधमक फुललाय. बाकी रान पाण्याखाली. चिखलात पाय रुतवून मी फोटो काढत होते, आक्का मागे फुलं खुडत होत्या.

"फुलांचे फोटो काय काढती सविता. पोरगी सुकून चालली आसंल तिकडं."

मी सगळं सांगितलं. स्टेटसचं, महालक्ष्म्यांचं, सगळं. आक्कांना स्टेटस कळलं नाही, बाकी कळलं.

"सपथ मोडली तर पाप लागतं. सोडवली तर न्हाई लागत. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हनायचं, झालं. पर आमच्या हन्म्याला म्हनायला लावायचं कुनी? ल्हानपनापासनं आसाच हाय त्यो. रुसला की जेवायचा न्हाई, अन् कुनी ताट वाढून दिलं तर त्याचाबी राग."

येताना पदरात कारळा बांधून दिला.

२२ सप्टेंबर. पहिली माळ

घट बसले. जेवताना धीर केला. म्हटलं, "आक्का त्या शपथेबद्दल म्हणत होत्या—"

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२६ सप्टेंबर. पाचवी माळ

पाऊस. झेंडू झाडावरच काळा पडलाय म्हणतात. आज फोटो नाही काढला. कालही नाही. कुणासाठी काढू!

२८ सप्टेंबर. सातवी माळ

"आज बी फूल न्हाई टाकलं?"

मी चपापले. म्हटलं, पाऊस आहे, उजेड नसतो.

हे बूट घालत होते. खाली बघूनच म्हणाले, "ती निळी टाकी मागं आलती, त्यो फोटो बरा हुता." आणि गेले. इतक्या दिवसांपूर्वीचा फोटो! तिथे फूल कुठलं होतं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं ह्यांना, पैज लावते.

दिवसभर ते वाक्य डोक्यात. राग आला मला, खरं सांगायचं तर. टाकी आठवते, मग टाकीमागचं पोर आठवत नाही का? आठवतं. मग एवढा कसला दगड झालाय माणूस?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

नीट लिहिते.

सकाळी हे दुकानातली पकडी, करवती, वजनमापं घरी आणून पुसत बसले होते. पूजेची. मी आत कणिक मळत होते. हे आधीच भिमाजीकडे जाऊन आले होते, तो म्हणाला म्हणे, माल सगळा भिजलाय, उद्याचं सांगू शकत न्हाई. दसऱ्याला दुकानाला तोरण नाही म्हणजे ह्यांना चालायचं नाही.

"तुझी ती फुलवाली हाय ना? तिला लावतो."

माझा मोबाईल फ्रिजवर चार्जिंगला. मी कणकेच्या हातांनी धावले, तोवर नाव शोधून दाबलंही होतं! ह्यांना ऐकायला कमी येतं, स्पीकर कायम चालू. रिंग पूर्ण वाजलीच नाही. लगेच उचलला.

"आई? आई, काय झालं? पप्पा बरे आहेत ना?"

दोन वर्षांनी आवाज ऐकला. धाप लागल्यासारखा.

हे तोंड उघडून 'ताई' म्हणायच्या बेतात होते, तसेच राहिले. हातातली पकड हळूच खाली ठेवली.

"आई, बोल ना गं! पप्पांना काय झालंय? कुठल्या दवाखान्यात आहेत? मी निघते, मी आत्ता निघते..."

शपथ मोडून मी फोन केला म्हणजे गळाच राहिला नसणार, असं तिला वाटलं. दुसरं काय वाटणार होतं! मला ओरडून सांगायचं होतं, ते बरे आहेत गं, समोर बसलेत. बोलायचं तर शपथ होती. मी दोन्ही हात तोंडावर धरले, कणकेसकट.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोबाईलकडे. दोनदा खाकरले.

"दोन किलो झेंडू."

मोबाईल आणखी तोंडाजवळ घेतला.

"अन् शेवंतीचे दोन हार. उद्या सकाळी. पत्ता म्हाईतच हाय."

आणि बंद केला.

मग ते पुन्हा पकड पुसायला लागले. पुसलेलीच पुसत होते. "फुलवाली म्हनं," एवढंच बोलले. मला वाटलं, आता उठतील, ओरडतील. छातीत कळ येईल म्हणून मी गोळीची डबी शोधून जवळ ठेवली. काही नाही. संध्याकाळी पूजेला नीट बसले. आरतीला नुसत्या टाळ्या वाजवल्या.

आत्ता दारातून म्हणाले, "तुझा कॅमेरा चार्ज हाय का बघ."

२ ऑक्टोबर. दसरा

सकाळी आठच्या आत बेल वाजली. हेच उघडायला गेले. पहिल्या एसटीने आली होती, दोन्ही हातांत पिशव्या. झेंडूचं पाणी पायावर ठिबकत होतं. वाळलीये. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

ह्यांनी माझा हात धरून ओढला, तसाच, त्याच गळ्यावर ठेवला. "सुटली," म्हणाले. मग तिला, "आत ये. एकटीच आलीस व्हय? त्याला बी बोलवून घे."

कॅमेरा चार्ज होता, टेबलावर होता. फोटो काढायचा राहिलाच.