दुसऱ्या पातेल्याचा वारस

मी, क्लोविस लातिओले, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा वेल्डिंगचा, हात थरथरू लागल्यापासून बंद, राहणार सेसिलिया, सेंट मार्टिन पॅरिश, लुइझियाना, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी एकटा म्हणत नाही. लाफायेतच्या डॉक्टरांनीही हृदय सोडून बाकी सर्व ठीक असल्याचे सांगितले आहे. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ते माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. झडपा मीही जन्मभर बदलल्या, भाताच्या शेतांवरच्या पंपांच्या. त्यातल्या काही नंतर चालल्या नाहीत, म्हणून हे मृत्युपत्र. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगी नोएली आत भांडी आपटते आहे, पण नोटरी मादाम कास्तीय म्हणतात की कायद्यात त्याला दबाव म्हणत नाहीत.

यापूर्वी लिहिलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. यापूर्वी मी एकही लिहिलेले नाही, तरी हे वाक्य लागतेच म्हणे. का लागते, ते मला समजले नाही.

कलम १. राहते घर, गाडीची शेड आणि मागची जागा माझी एकुलती एक मुलगी नोएली हिला निर्वेध मिळावी. जावई ग्रेग ह्यूस्टनचा असला तरी माणूस चांगला आहे, त्याने खुशाल राहावे. मात्र सदर शेडमध्ये क्रॉफिश, म्हणजे आमच्या चिखलातले नांगीवाले झिंगे, उकडल्यावर त्याने वरून मसाला भुरभुरवू नये. मसाला पाण्यात पडतो. वरून पडते ती धूळ.

कलम २. माझ्या दफनानंतर क्रॉफिश उकडून गावजेवण घालावे. सँडविच आणि थंड कोशिंबीर पुढे करून लोकांची बोळवण करू नये.

येथेच पहिली अडचण येते, कारण सर्व काही मी कधी मरतो यावर अवलंबून आहे. जानेवारी-फेब्रुवारीत मेलो तर क्रॉफिश बोटभरही नसतात, नुसत्या नांग्या. मार्च ते मे उत्तम. जूनमध्ये कवच इतके टणक होते की सोलताना पाहुण्यांचीच बोटे सोलवटतात. जुलैनंतर ते चिखलात बिळे करून खाली जातात, आणि तेव्हा मेलो तर मीही खालीच असेन. अशा वेळी दफन ताबडतोब उरकावे आणि जेवण मार्चमध्ये घालावे. ऑगस्टमध्ये रडलेल्यांनी मार्चमध्ये पुन्हा यावे. उपासाचा, मांस वर्ज्य असलेला शुक्रवार आला तर पाण्यात सॉसेज टाकू नये, बटाटे, मका आणि लसणाचे अख्खे कांदे चालतील.

दुसरी अडचण, किती पोती आणायची. लग्नाला आमंत्रणे असतात, मयताला नसतात. मेल्यावर कोण येईल हे जिवंतपणी कसे सांगावे? मी आधी आठ पोती लिहिली, मग खोडली. वीस लिहिली, तीही खोडली, कारण तेवढी माणसे आली नाहीत तर माझीच शोभा होईल. हा हिशोब माझी दिवंगत पत्नी युला करत असे. रविवारी चर्चच्या पायरीवर उभी राहून ती माणसे नजरेने मोजी आणि पोत्यांचा आकडा सांगे. तिचा अंदाज आयुष्यात कधी चुकला नाही. ती असती तर माझ्या मयताचा आकडाही तिने आजच सांगितला असता.

तिसरी अडचण सर्वात मोठी. एका पातेल्यात एका वेळी एकच पोते मावते. उकळी, मग आच बंद, मग क्रॉफिश मसाला पिऊन तळाला बसेपर्यंत थांबणे. एवढ्या माणसांना एका पातेल्यावर जेवू घालायचे तर पहिला जेवून घरी जाईल आणि शेवटचा उपाशी मरेल, त्याचेही मृत्युपत्र करावे लागेल. पातेली दोन पाहिजेत, आणि दोन पातेल्यांना दोन माणसे. पाहा कलम ५.

कलम ३. जंगम वस्तू पुढीलप्रमाणे. वेल्डिंगचे यंत्र अग्निशमन दलाच्या पोरांना. बर्फाची मोठी पेटी चर्चला. क्रॉफिश धुण्याचे टब समोरच्या ब्रूसार बहिणींना, त्यांनी त्यात फुलझाडे लावली तरी माझी हरकत नाही. टेबले, खुर्च्या, दोऱ्या, कंदील, हातगाडी, चिमटे आणि झारे आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला एकेक, नोएली सांगेल त्याप्रमाणे. कोणालाही विसरू नये.

कलम ४. शेजारी पर्सी कॅले यांना काहीही देऊ नये. कारणे दोन. एक, ते क्रॉफिश मिठाच्या पाण्यात ठेवून "पोट साफ" करतात आणि हे शास्त्र आहे असे लोकांना सांगतात. दोन, त्यांनी माझी गॅसची शेगडी नेली आणि वर्षाने परत आणली, तेव्हा तिच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. पेटवताना माझ्या भुवया गेल्या. त्यानंतर डावी भुवई नीट आली नाही.

कलम ५. माझी दोन ॲल्युमिनियमची पातेली आहेत. दोन्ही मी एकाच आठवड्यात, एकाच पत्र्यातून जोडली, एक माझ्यासाठी आणि एक माझा धाकटा भाऊ ल्यूसियन याच्यासाठी. सेसिलियात कोणाचेही लग्न, बारसे, मयत असो, डाव्या शेगडीवर मी आणि उजव्या शेगडीवर तो. पहिले पातेले नोएलीला. दुसरे अकरा वर्षे शेडच्या खिळ्यावर पालथे टांगलेले आहे. ते कोणाला द्यावे याबद्दल मी पूर्ण गोंधळात आहे, आणि डोके ठिकाणावर असलेला माणूसही गोंधळात असू शकतो, हे मादाम कास्तीय यांनी मान्य केले आहे.

झाले ते असे. नोएलीच्या लग्नाला, मे महिन्यात, अर्धी वरात ह्यूस्टनची. तिसऱ्या खेपेची पोती पाण्यात होती. ल्यूसियनने ढवळायचे वल्हे खिळ्याला अडकवले, गाडीत बसला आणि निघून गेला. एक शब्द नाही. मी दोन्हीकडे धावलो, त्याचे पातेले जास्त शिजले, मांस कवचाला चिकटले आणि ह्यूस्टनचे पाहुणे बटाटे खाऊन उठले. त्या दिवसापासून तो आमच्याकडे आला नाही आणि मी पुलापलीकडे त्याच्याकडे गेलो नाही.

तो का गेला, हे मला आजही कळलेले नाही. नोएली म्हणते, फोटोसाठी काकाला हाक मारायची राहिली. पर्सी म्हणतात, उकाडा. फादर म्हणाले, अहंकार, पण कोणाचा ते त्यांनी सांगितले नाही. त्यात आणखी एक कोडे. "माझ्या भातात मी किडे पाळणार नाही" असे जन्मभर म्हणणाऱ्या ल्यूसियनच्या खाचरात पुढच्याच वर्षी क्रॉफिशचे सापळे उभे राहिले. भावाशी अबोला धरला म्हणून कोणी शेतीची रीत बदलतो का? लग्नाच्याच वर्षी नोव्हेंबरात युला वारली. तेव्हा तो चर्चमध्ये मागे उभा होता, शवपेटीकडे फार वेळ बघत राहिला आणि कोणाशी न बोलता गेला.

तरीही दुसरे पातेले ल्यूसियनला द्यावे. अट एकच. माझ्या जेवणाच्या दिवशी त्याने उजव्या शेगडीवर उभे राहावे. तो येईल की नाही, हे मला कधीच कळणार नाही, कारण तेव्हा मी नसेन. झडपेपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

कलम ६. साक्षीदार. मादाम कास्तीय यांनी आता सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर मिळालेले जाते. हे आधी सांगितले असते तर मी हात आखडता घेतला असता. पर्सी पात्र ठरले, आणि ते दुपारपासून पडवीत माझे अक्रोडासारखे पिकान फोडून खात बसले आहेत. दुसरा मिळेना. फोन केला त्या प्रत्येकाला कलम ३ खाली काही ना काही दिलेले. मादाम म्हणाल्या, "क्लोविस, कोणाकडून तरी एखादा झारा परत घ्या." दिलेली वस्तू मी परत घेत नाही. तेवढ्यात नोएलीने स्वयंपाकघरातून कोणाला तरी फोन लावला. मला वाटले, फादरना.

येथून पुढचा मजकूर संध्याकाळचा आहे. अक्षर बिघडले आहे, त्यावरून माझ्या मनःस्थितीबद्दल कोणी शंका घेऊ नये. मनःस्थिती मी स्वतःच लिहितो.

आला तो ल्यूसियन. पांढरे रबरी बूट पायरीवर काढले, नमस्कार ना चमत्कार, टेबलावरचा कागद उचलला आणि उभ्यानेच कलम ५ वाचले. वाचताना त्याचे ओठ हलतात, लहानपणापासून. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "दादा, मी काही न सांगता गेलो, असं लिहिलंयस तू?"

"गेलासच की."

"वहिनीनं पाठवलं होतं मला."

मग त्याने जे सांगितले ते मी मादाम कास्तीय आणि पर्सी यांच्यादेखत लिहून ठेवतो. लग्नाच्या दिवशी युलाच्या लक्षात आले की पोती मोजताना ती स्वतःच्याच आईकडची माणसे धरायला विसरली. पिएर पार गावचा अख्खा गोतावळा, आणि तो तर दाराशी येऊन उभा. तिने शेडमागे ल्यूसियनला गाठले. "भाऊजी, कुठूनही दोन पोती आणा. यांना सांगू नका, जन्मभर चिडवतील." तो हेंडरसन गावाच्याही पलीकडे गेला, कारण लग्नसराईत कोणाकडे माल नव्हता. परत आला तेव्हा लोक गेले होते, टेबले धुऊन उभी केली होती आणि मी आत झोपलो होतो. ह्यूस्टनवाले बटाट्यांवर उठल्यामुळे कमी काहीच पडले नव्हते.

"माझ्यासाठी एक ताट झाकून ठेवलं नव्हतं," ल्यूसियन म्हणाला. "सगळ्या गावाला उकडून घातलं, आणि ल्यूसियन जेवला का, असं कुणी विचारलं नाही."

मी म्हटले, तो रागावून गेला असे मला वाटले, आणि रागावून गेलेल्याचे ताट कोण ठेवतो. तो म्हणाला, रागावलेल्यालाच भूक जास्त लागते.

दुसऱ्या दिवशी युला केक घेऊन पूल ओलांडून त्याच्याकडे गेली. पोती ओल्या गोणपाटाखाली तशीच वळवळत होती. ती म्हणाली, "मरतील बिचारे, भातात सोडा." दोघांनी मिळून ते खाचरात ओतले. क्रॉफिश चिखलात गेले, आणि हिवाळ्यात पाणी भरल्यावर पिल्ले घेऊन वर आले. अकरा वर्षे तीच वीण चालू आहे. "लोक मला क्रॉफिशवाला म्हणतात," तो म्हणाला. "ते सगळे वहिनीचे आहेत. मी नुसतं पाणी सोडतो."

मी विचारले, इतकी वर्षे तोंड का शिवले होतेस.

"शब्द दिला होता. ती म्हणाली, ख्रिसमसला सगळे जमले की मीच सांगते, सगळे हसतील. ख्रिसमसपर्यंत ती राहिली नाही. मग पुरलेल्या बाईची चूक कोणत्या तोंडानं सांगत फिरू?"

"मग आज का सांगितलंस?"

"आज तू तिच्याकडे जायचे कागद करतोयस. तिथं ती सांगणारच. मग म्हणशील, ल्यूसियननं लपवलं."

"तू खरंच चिडवलं असतंस का रे तिला?" असे त्याने मग विचारले. मी विचार करत होतो, तोवर पडवीतून पर्सी म्हणाले, "मेल्यावरसुद्धा." हे खरे आहे. कलम ४ तरीही कायम.

माझी मनःस्थिती अशी. मला युलाचा राग आला, आणि ती समोर नाही म्हणून त्याहून जास्त रडू आले. अकरा वर्षे मी पुलावरून जाता-येता त्या खाचराकडे पाहून तोंड फिरवले, आणि तिथे तिची चूक पोहत होती. कोणाला माफ करायचे, कोणाची माफी मागायची, याचा मला उलगडा होत नाही. मादाम कास्तीय यांनी विचारले, कलम २ मधले "तिचा अंदाज आयुष्यात कधी चुकला नाही" हे वाक्य खोडायचे का. मी सांगितले, खोडू नये.

मग साक्षीदाराचा प्रश्न पुन्हा निघाला. मादामनी ल्यूसियनला नियम समजावला, की त्याने सही केली तर पातेले त्याला मिळणार नाही. तो म्हणाला, पातेले मला नकोच. मी पेन खाली ठेवले.

"ते मिळायला तू मरायला पाहिजेस," तो म्हणाला. "एवढं थांबायला मला वेळ नाही. शुक्रवारी उतरव ते खिळ्यावरून. सही कुठं करू, बाई?"

कलम ७. सबब कलम ५ मधली देणगी रद्द. दोन्ही पातेली नोएलीच्या नावे राहावीत. दुसऱ्यावर कोण उभे राहील, हे लिहून ठेवण्याची आता गरज उरलेली नाही.

कलम २ मधले जेवण येत्या गुड फ्रायडेला, दिनांक ३ एप्रिल रोजी, माझ्या हयातीत आणि माझ्या शेडमध्ये होईल. झडप चालली नाही तर पुन्हा घालावे, चालली तरी पुन्हा घालावे. ह्यूस्टनहून ग्रेगने बर्फ आणावा, मसाला आणू नये. सॉसेज नाही. माल ल्यूसियनच्या खाचरातला.

किती पोती, याचा निर्णय आमचा बराच वेळ होईना. नोएलीने रस्त्यावरची घरे मोजली, मादामनी कलम ३ वाचून नावे मोजली, पर्सींनी स्वतःला दोनदा मोजले. शेवटी ल्यूसियनने विचारले, "वहिनी किती म्हणाली असती?" मी डोळे मिटले, चर्चची पायरी आठवली आणि म्हणालो, पंधरा.

"मग सतरा आणतो," तो म्हणाला.

शेवटची सूचना, आणि ही सर्व वारसांवर बंधनकारक आहे. जेवण चालू असता कोणी मध्येच उठून गेले, तर त्याचे ताट आधी झाकून ठेवावे. तो का गेला, हे नंतर विचारावे.

वरील सर्व मी माझ्या हाताने, शुद्धीवर राहून, खोडाखोडीसह लिहिले. खोडलेले आठ आणि खोडलेले वीस माझेच आहेत.

ठिकाण: सेसिलिया, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: मंगळवार, ३१ मार्च २०२६

सही: क्लोविस लातिओले

माझ्यासमोर: लुडी कास्तीय, नोटरी

साक्षीदार:

१. पर्सी कॅले, शेजारी. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही, हे वाचून सही केली. मिठाबद्दल माझे मत कायम आहे.

२. ल्यूसियन लातिओले, भाऊ. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही, हे वाचून सही केली.