डाव्या हातानं वाढलेली बुंदी

प्रिय मित्र मुंजाजी यास, मानवतहून व्यंकटीचा मनापासून रामराम. तुझी, लेकरांची आन काकूंच्या गुडघ्याची खुशाली कळव. इकडं आमी सगळे बरे हावोत. (बरे कशाचे! – शिवकन्या.) गड्या, पत्र मी सांगायलोय आन लिहायलीय तुझी वहिनी. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं जिनिंगच्या रोलरमदी गेली, हे तुला ठाऊकच हाय. तवा कंसात काही आलं तर ते तिचं समज. तिला आडवणार कसं? पेन तिच्या हातात हाय.

खरं सांगतो, जखम भरली, पण लाज काही भरंना. शेठ दवाखान्यात केळी घेऊन आले आन म्हणाले, "व्यंकटी, ध्यान कुठं होतं तुझं?" मी मान खाली घालून केळं खाल्लं. (सोलून मी दिलं.) घरी आल्यावर हातावर उपरणं टाकून हिंडायलो. बाहेर कुणी विचारलं तर हात मुरगळला म्हणायचो. मग ज्यानं त्यानं तेल सुचवलं, आन एक चुलते तर "ओढून बसवतो" म्हणत बस स्टँडपर्यंत माझ्यामागं आले.

मागल्या महिन्यात चारठाण्याला माझ्या मेव्हणीचं, अर्पिताचं लगीन झालं. आपण कोपऱ्यात बसावं, एवढीच माझी इच्छा. पण वाढपी कमी पडले आन सासऱ्यांनी बुंदीची बादली जावयालाच दिली. मी बादली उजव्या कोपराला अडकवली, वर उपरणं टाकलं आन डाव्या हातानं वाढायला लागलो. पंगतीत नवरदेवाचे आजोबा, किशनराव. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "जावईबापू, डाव्या हातानं वाढायलात? आमचा मान ठेवायची ही रीत हाय का?" मी गडबडलो. उपरणं सरकलं, बादली सुटली, बुंदी किशनरावांच्या धोतरात, आन माझा हात सगळ्यांपुढं उघडा. पंगत अशी गप झाली, की सनईसुद्धा थांबली. (सनई न्हवती, डीजे होता. त्याची वायर ह्यांच्याच पायात आली.)

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायलं. तेवढ्यात किशनरावांची बहीण, बायनाबाई, बायकांच्या पंगतीतून उठून आली. तिनं पदराखालचा हात काढला. तीन बोटं कडबाकुट्टीनं नेलेली! "मीबी लय वर्सं पदर सोडला न्हाई," ती म्हणाली. "त्या कुट्टीला झाकण न्हवतं. ज्यानं झाकण ठेवलं न्हाई त्यानं तोंड लपवावं बाबा. तू कशाला उपरणं धरतोस?" आन त्याच हातानं तिनं मला बुंदी भरवली. मी भर मांडवात रडलो. किशनराव धोतर झटकत म्हणाले, "वाढा हो, कोणत्याबी हातानं वाढा."

येताना जीपमदी शिवकन्येनं डायवरला कामगार कार्यालयाचा पत्ता विचारला. तवाच मला भ्या वाटलं. (दुसऱ्या दिवशी ह्यांना कामगार कार्यालयात नेलं.) साहेबांनी विचारलं, रोलरवर जाळी होती का? न्हवती म्हणालो. मग म्हणाले, साक्षीला कोण? मी म्हणालो, विचारून सांगतो.

असो. काकूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
व्यंकटी

ता. क. – जाळी तू काढलीस, हे मी कुणालाच सांगितलं न्हाई; तुझ्या वहिनीलाबी आत्ता लिहितानाच कळायलंय. "साफ करायला येळ जातो, काढून टाक," असं शेठच म्हणाले; मी शेजारीच उभा होतो. पण माझी बोटं गेली आन तू काम सोडून पूर्णेला गेलास, तो एकदाबी भेटायला आला न्हाईस. बायनाबाईचं बोलणं स्वतःला लावून घेऊ नको. मला तुझा राग न्हाई. शेठ काय म्हणाले, एवढंच साहेबापुढं सांगशील का? सवड असली तर. नसली तर ऱ्हाऊ दे.

आणखी ता. क. – भावजी, मी शिवकन्या. हे बाहेर गेलेत म्हणून लिहायलेय. सवड-बिवड काही न्हाई. सोमवारी तारीख हाय. सकाळच्या गाडीनं मीच पूर्णेला येते तुमाला न्यायला. ह्यांना राग न्हाई, खरं हाय ते. मला हाय. तरी डबा आणते, गाडीत खाऊ.