बिनतापाचं गाव

करंजटोला, ता. तुमसर
गुरुवार

तीर्थरूप गुलाबमामांस,
भाचा सुगत याचा हात जोडून जयभीम.

आपले गुडघे कसे आहेत? मालनमामींच्या हाताला बिब्ब्याचा डाग पडला होता तो गेला का? इकडे सर्व क्षेम आहे (सर्व म्हणजे गावाचे). फोन केला असता, पण फोनवर आपल्याला ऐकू येत नाही आणि आपण प्रत्येक वाक्याला हो हो म्हणता. मागच्या खेपेला मी आईच्या पायाचं विचारलं तेव्हाही आपण हो हो म्हणालात आणि मी चार दिवस काळजीत होतो. म्हणून पत्र. अक्षर वाकडं आलं आहे, ते टेबल डुगडुगतं म्हणून. गैरसमज नसावा.

आपण तीस वर्षं मलेरियाच्या खात्यात काचपट्ट्यांची पेटी खांद्याला लावून गावोगाव लोकांची बोटं टोचत फिरलात, आणि लोक आपल्याला पाहून मक्याच्या शेतात लपत. तेव्हा मला वाटायचं की मामांना समजावून सांगता येत नाही, म्हणून लोक पळतात. शिक्षण दिलं की आरोग्य आपोआप येतं असं मी डी.एड.च्या परीक्षेत दोन पानं लिहिलं होतं. त्या दोन पानांबद्दल मी आपली माफी मागतो. का, ते आता सविस्तर सांगतो.

मागच्या भादव्यात आमच्या गावात तापाची साथ आली हे आपल्याला ठाऊक आहे. शाळेतली अकरा मुलं एकदम अंथरुणाला लागली. त्यात ताराबाईंची सरिता होती. ताराबाई रोवणी-निंदणीच्या मजुरीवर दोघींचं घर चालवतात. सरिता आता सहावीत आहे. वर्गात मी फळ्यावर चूक केली तर बाकीची मुलं ती निमूट वहीत उतरवतात आणि ही हात वर करते. ती दोन महिने शाळेबाहेर होती, केस गळून परत आली आणि आल्याबरोबर तिने माझी भागाकारातली चूक काढली. मामा, खरं सांगतो, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण ताराबाईंनी जूनमध्ये शाळेत येऊन मला तोंडावर सांगितलं, "गुरुजी, यंदा गावात एका मानसाले जरी ताप आला ना, त मी पोरीले दिवाळीत तिच्या मामाच्या घरी नागपूरले धाडून देतो. तिथं दोन लहान पोट्टे हायेत, सांभाळन. मले पुन्हा तिच्या उशाशी बसाची ताकद नाई." म्हणजे शाळा बंद. मी तिथल्या तिथे म्हणालो, यंदा या गावात एकालाही ताप येणार नाही. नंतर ग्रामसभेतही तेच बोललो, आणि टाळ्या पडल्यावर आणखी एकदा बोललो.

त्याच आठवड्यात वरून पत्र आलं की विद्यार्थ्यांमार्फत गावाचं आरोग्य आणि पर्यावरण सुधारायचं आहे, सबब प्रत्येक शाळेने गप्पी मासे पाळावेत. (वरून म्हणजे भंडाऱ्याहून. ज्या वर्षी जिल्ह्याचे दोन झाले त्याच वर्षी मी नोकरीला लागलो, त्यामुळे माझं सेवापुस्तक दीड वर्ष गोंदियात पडून होतं, आणि वरून म्हटलं की मी अजून दोन्ही दिशांना बघतो.) हे मासे डासांच्या अळ्या खातात हे आपल्याला मी काय सांगावं. तुमसरला प्रशिक्षण झालं आणि प्रत्येक गुरुजीला पाण्याने फुगवलेल्या प्लास्टिकच्या पन्नीत चाळीस मासे मिळाले. मी ती पन्नी मांडीवर घेऊन एसटीने सिहोऱ्यामार्गे गावाला निघालो. शेजारच्या बाईंनी गोबरवाहीपासून... नाही, तो रस्ताच वेगळा, तापात (म्हणजे उन्हाच्या तापात) माणसाचं असं होतं. शेजारच्या बाईंनी बस सुटल्यापासून पन्नीकडे पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं की गुरुजी, एवढ्याशा माशात तुमच्या घरी भागते कसं? मी त्यांना डासाचं जीवनचक्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उतरताना सांगितलं की असे बारीक मासे असले तर आंबाडीचा पाला घालावा.

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. आपला मुलूख तलावांचा. इथे मासा दिसला की पहिला विचार मिठाचा येतो. पण मी शाळेच्या सिमेंटच्या टाक्यात मासे सोडले, मुलांनी त्यांना पाहिलं, महिन्याभरात चाळीसचे तीनशे झाले, आणि मी एका शुक्रवारी प्रत्येक मुलाला बाटलीत सहा-सहा मासे देऊन घरच्या टाक्यात सोडायला पाठवलं. शनिवारी सकाळी गोदावरीबाई, म्हणजे आमच्या दुसरीतल्या अंकुशची आजी, शाळेच्या फाटकाशी उभ्या. म्हणाल्या, "गुरुजी, मासे लय बारीक हायेत. बेसन लावलं तरी हाती काईच लागलं नाई. पुढच्या खेपेले थोडे मोठे देजा." त्यांचं म्हणणं असं की शाळा रोज खिचडी देते, शुक्रवारी केळं देते, तर आता मासे देऊ लागली असेल. पोषण आहारच तो. बाटलीतून घरपोच.

चौकशी केली तेव्हा सत्तेचाळीस घरांपैकी एकतीस घरांत मासे तव्यावर गेले होते. पण मामा, तक्रार ती नव्हती. तक्रार अशी होती की गोदावरीबाईंच्या बाटलीत आठ मासे निघाले आणि इतरांच्या सहा. (दोन पिल्लं वाटेत जन्मली असतील. हे मी कोणाला पटवू?) ग्राम शिक्षण समितीची बैठक बसली. अध्यक्ष भैयाजी, ज्यांच्या घराण्यात तीन पिढ्या माळ आहे, त्यांनी प्रश्न काढला की माळकरी घरच्या मुलांना माशांच्या बदल्यात काय मिळणार? चर्चा दीड तास चालली. शेवटी ठराव झाला की पुढील वाटपात मासे आकाराने व संख्येने समान असावेत व शाकाहारी विद्यार्थ्यांस केळी द्यावी. सचिव म्हणून मी त्यावर सही केली आहे. डासाचा उल्लेख ठरावात कुठेही नाही.

तेव्हा मी मासे बाजूला ठेवून मुलांकडे वळलो. दर शनिवारी सकाळी मुलांच्या टोळ्या घरोघर जातील, टाकं, रांजण, टायर, नारळाची करवंटी सगळं बघतील, सात दिवसांचं उघडं पाणी दिसलं की ओतून देतील आणि वहीत लिहितील. अळी सापडली तर दारावर गेरूची फुली. सरिताला मी मुख्य तपासनीस केलं. (मनात हेतू असा की जी मुलगी गाव तपासते तिला नागपूरला पाठवायला आईचा हात धजणार नाही.) मामा, आपल्या खात्याला असा माणूस तीस वर्षांत मिळाला नसेल. तिच्याकडे एक विजेरी आणि एक वरणाची पळी. भैयाजींच्या गोठ्यातलं ढोरांचं पाणी तिने त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलं आणि अध्यक्षांना म्हणाली की ढोरांना ताजं पाणी द्या. एकदा टिकारामच्या घरामागे पाल्याखाली झाकलेला एक ड्रम निघाला. त्यात मोहफुलं भिजत पडलेली. अळी त्यात एकही नव्हती (कशी जगेल?), पण नियम सात दिवसांचा होता आणि टिकारामने खरं उत्तर दिलं की नऊ दिवस झाले. तिने ड्रम उलथला. त्या दुपारी टिकारामच्या तीन बकऱ्या रस्त्याच्या मधोमध एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

टिकाराम संध्याकाळी माझ्याकडे आला. माणसाचं मोठं नुकसान झालं आहे आणि कशाचं ते त्याला सांगता येत नाही, असा चेहरा मी प्रथमच पाहिला. "गुरुजी, पानीच होतं. पन लय मेहनतीचं पानी होतं," एवढंच म्हणाला. मी त्याला स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं. तो उठून गेला. तेव्हापासून त्याच्या घरामागे काही भिजत पडलेलं दिसलं नाही, आणि त्याची बायको रुखमिणी रस्त्यात दिसली की मला आपणहून नमस्कार करते. शिक्षणाचा परिणाम कुठून कसा होईल सांगता येत नाही.

आज कोजागिरी आली, आणि गावात ताप नाही. सत्तेचाळीस घरं, एकही रुग्ण नाही. आरोग्यसेविका रंजिता मॅडम वही पाहून म्हणाल्या की असं गाव त्यांनी पाहिलं नाही. दिवाळीला पंधरा दिवस उरले आहेत. सरिताने मागच्या शनिवारी वर्गात सगळ्यांना विचारलं की गुरुजींच्या खोलीत कोण जाईल तपासायला, तर मुलं म्हणाली, गुरुजीच्या घरी काय पाहाचं! ही मुलांची माझ्यावरची श्रद्धा. मी तिला धक्का लावला नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना जपावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
सुगत

ता. क. टेबल डुगडुगत नाही. उजव्या हाताला सलाईन आहे आणि मी तुमसरला दवाखान्यात आहे. डेंगू निघाला. चार दिवस झाले, हाडं फुटून जातील असं वाटतं. डॉक्टरांनी विचारलं की घरात कुठे पाणी साचतं का. मी ताठ मानेने नाही म्हणालो आणि मग मला आठवलं की मागच्या खिडकीला उन्हाळ्यापासून कूलर लटकलेला आहे, त्यात सगळा पावसाळा भरला आहे आणि त्याचं झाकण मी जुलैत उशीखाली फळी म्हणून घ्यायला काढलं होतं. मामा, आता आपल्याला पत्र लिहिण्याचं खरं कारण. गावात मी प्रशिक्षणाला जातो असं सांगून निघालो. आपण भैयाजींच्या नावे एक पोस्टकार्ड टाका, की सुगत माझ्याकडे आंधळगावला आहे, माझे गुडघे धरले आहेत, दिवाळीपर्यंत येणार नाही. आपण आयुष्यात खोटं लिहिलं नाही हे मला माहीत आहे. पण 'एका मानसाले जरी ताप आला' असं ताराबाई म्हणाल्या होत्या, आणि मी माणूस आहे. ती मुलगी माझ्या कूलरपायी घरी बसली तर मी पुन्हा कुठल्या तोंडाने फळ्यासमोर उभा राहू? एवढं करा.

ता. क. (रविवार). पत्र टाकायला कोणी मिळालं नाही, अजून उशाशीच आहे. पोस्टकार्ड टाकू नका. काल शनिवार होता. गुरुजी घरी नाहीत म्हणजे मर्यादेचा प्रश्न नाही, असा सरिताने नियम लावला आणि ती मागच्या खिडकीवर चढली. आज सकाळच्या बसने मायलेकी इथे आल्या. सरिताने माझ्या उशाशी काचेची बाटली ठेवली. आत अळ्या वळवळत होत्या. परिचारिका किंचाळली. प्रशिक्षणाला गेलेला माणूस कपडे वाळत टाकून जात नाही, आणि शेजारच्यांनी गुरुजींना भर दुपारी घोंगडी पांघरून बसस्टँडकडे जाताना पाहिलं, असा एकूण तिचा तपास होता.

मी ताराबाईंकडे पाहू शकलो नाही. त्यांनी पायाशी सरकलेली घोंगडी माझ्या अंगावर ओढली. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमी आंधळगावचे. तालुका मोहाडी. दुसऱ्या तालुक्याचा ताप आमच्या गावात कायले धराचा? गावात ताप नाई आला." मामा, सात वर्षं मी या गावाचा होण्यासाठी धडपडलो, आणि बाहेरचा ठरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी लगेच मान डोलावली. तेवढ्यात सरिताने हात वर केला. म्हणाली, "आई, वहीत अठ्ठेचाळीस नंबर गुरुजीचं घर हाय. मी पहिल्याच दिवशी लिवलं होतं, निस्तं पाहाचं राहिलं होतं. अन् अळ्या त आपल्याच गावच्या हायेत." मी सलाईन लावलेल्या हाताने तिला गप्प बसण्याची खूण केली. सुई सरकली. ती गप्प बसली नाही. म्हणाली, ताप आला आहे, तर आला असं लिहावं लागेल. आणि तिने वही काढून, माझ्यासमोर, लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरले होते, पण अक्षर नेहमीसारखं सरळ.

ताराबाईंनी वही हातात घेतली. त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "आपुन दोघं मोठे मानसं खोटं बोलाले तयार, अन् हे पोट्टी नाई म्हन्ते. हिले मी भांडे घासाले धाडू? नाई धाडत. राहू द्या शाळेत." मी रडलो. डेंगूत डोळे दुखतात म्हणून रडलो असं मी परिचारिकेला सांगितलं, आपल्याला तसं सांगत नाही.

कूलर सरिताने उलथला आहे आणि दारावर फुली मारली आहे. निघताना तिने आईला विचारलं की पुढच्या वर्षी गुरुजींच्या घरी पुन्हा अळी निघाली तर काय करायचं? ताराबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "मंग गुरुजीले त्याईच्या मामाच्या घरी धाडून देऊ."

तेव्हा मामा, पडवीतली ती खाट कोणाला देऊ नका.