तू कळवलं नाहीस

आई, काल संध्याकाळी एक बाई माझ्या बोईसरच्या घरी आली. तिची मुलगी येत्या रविवारी पंथाच्या सेवेसाठी वर्षभर डोंगरातल्या पाड्यांवर निघाली आहे, आणि मीही कधीकाळी असं वर्ष काढलंय हे तिला कुणीतरी सांगितलेलं. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "दादा, तुमी जाऊन आलेले, म्हणून इचारते. मागं घरी काय बरंवाईट झालं, तर पोरीला कळवायचं का नाय?" उद्या येऊन सांगतो म्हणालो आणि तिला वाटेला लावलं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, पण हा प्रश्न खरं तर तुझाच आहे, म्हणून तुला लिहायला बसलोय.

मी सेवेला गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि जिभेला हाड नव्हतं. बाबांच्या बोटीवर जाळं ओढताना दोरापाशी माझी जागा. ती सोडून मी गळ्यात माळ घातली, मासे सोडले, आणि ज्या घराने मला मासळीवर वाढवलं त्याच घराला जीवदया शिकवून बाहेर पडलो. तू एवढंच म्हणालीस, "जा, पन जेवत जा." मासवणच्या बाजूला एका पाड्यावर माझी सोय झाली होती. पोरांना अक्षरं शिकवायची, संध्याकाळी भजन, मोठ्यांना दारू सोडा म्हणून सांगायचं. नियम एकच कडक होता, वर्षभर घराचा उंबरा चढायचा नाही. दसऱ्यानंतर तू आपल्या नवापूरहून एसटी बदलत बदलत आलीस. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही ही तुझी रीत, म्हणून मी ज्या घरात राहत होतो तिथल्या बाईसाठी पिशवीभर सुके बोंबील आणलेस. मी ती पिशवी तुझ्या हातातून घेतली आणि अंगणाबाहेर मोहाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. पाच-सहा माणसं बघत होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "आई, हे इथं आणायचं नाही. आणि ऐकून ठेव, मागं काहीही झालं तरी मला बोलवायचं नाही. मी येणार नाही." काय तो माझा तोरा. तू "बरं" म्हणालीस. जाताना पिशवी गुपचूप त्या बाईला दिलीस, ते मला दुसऱ्या दिवशी घरभर वास सुटला तेव्हा कळलं.

वर्ष संपायला वीस दिवस राहिले होते, तेव्हा बाबांचा उजवा हात जाळं ओढायच्या मशीनच्या दोरात गेला. माझ्या जागी घेतलेला माणूस नवा होता, त्याला मशीन वेळेवर बंद करता आली नाही. कोपराखालचा हात डॉक्टरांना काढावा लागला. पाड्याजवळच्या दुकानात फोन होता, नंबर तुझ्याकडे होता. तू कळवलं नाहीस आणि गावालाही कळवू दिलं नाहीस.

मग पालघरचा समाप्तीचा मेळावा. तिथे प्रत्येक सेवेकरी उभा राहून चार शब्द बोलतो आणि शेवटी सगळे तेच म्हणतात, की गुरुकृपेने माझं घर सुखरूप राहिलं. मी बोलायला उभा राहतो, तू शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली आहेस. बाबा का आले नाहीत, हे मी विचारलेलंही नाही. मी म्हणतो, माझं घर सुखरूप राहिलं. लोक टाळ्या वाजवतात, तूही वाजवतेस. नंतर माझ्या तोंडावरून हात फिरवलास तेव्हा बोटांना लिंबाचा वास येत होता. माझ्या माणसांत मला मासळीच्या वासाची लाज वाटू नये, म्हणून तू साल घासून आली होतीस. नवरा इस्पितळात होता, तरी तुला ते आठवलं.

मेळाव्यानंतर बाबा इस्पितळातून घरी आले, त्याच दिवशी मी तिथे मिळालेली शाल आणि नारळ घेऊन पोचलो. ते डाव्या हाताने भात खात होते. "झालं तुझं? बस, जेव," म्हणाले. मी त्यांच्याजवळ बसायचं सोडून तुझ्यावर तोंड टाकलं, मला का कळवलं नाहीस म्हणून. तू मासे साफ करत होतीस, मान वर केली नाहीस. "तू येऊन हात परत लागनार होता काय? आमी होतो ना. तुझं वरीस पुरं होऊ दे म्हटलं." पुढे ते माझं पालुपदच झालं. लग्नात, बारशाला, चार पाहुणे बसले की मी सुरू, आईने कळवलंच नाही, नाहीतर मी धावत आलो असतो. एकदा मावशी तुला सगळ्यांदेखत म्हणाली, "कसली आई गो तू, पोराला बापाची खबर नाय दिलीस." तू ऐकून घेतलंस. मोहाच्या झाडाखाली मी काय बोललो होतो, ते तू कुणाला सांगितलं नाहीस. बाबा बोटीवरून उतरले ते कायमचेच. तू मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरचा बाजार केलास, घर चालवलंस, वर माझे बोलही खाल्लेस. मला त्याची लाज वाटते, आई.

आज सकाळी त्या बाईकडे गेलो आणि कळवा म्हणालो. ती हळूच म्हणाली, "पन कळवून पोर नाय आली तर?" मी चपला घातल्या आणि निघालो.

आभार मानायची मला चांगली सवय आहे. देवाचे, गुरूंचे रोज मानतो, बाबा वाचले म्हणून तेव्हाही मानले होते. तुझे तेवढे राहिले. तू कळवलं असतंस तर मी पाड्यावरच थांबलो असतो. सगळ्यांसमोर शब्द दिला होता आणि त्या शब्दाचा मला बाबांपेक्षा जास्त अभिमान होता. तू मला विचारलंच नाहीस, म्हणून मला नाही म्हणावं लागलं नाही. तुझे उपकार आहेत ते हे.

हा कागद भजनाच्या वहीत ठेवतोय. बायकोला दाखवणार नाही. तिला अजून वाटतं, मी धावत आलो असतो.