मशिनीत राहिलेलं हसू

आई, परवा तुमचं हसू ऐकलं. मी आत भाकरी थापत होते, हॉलमध्ये टीव्ही चालू होता, तुमचाच तो विनोदी नकलांचा कार्यक्रम, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत सोंगांचा कार्यक्रम म्हणायच्या. आणि त्या टीव्हीतून तुम्ही हसलात. आधी नाकात दाबलेला हुंकार, मग पातेल्यावरचं झाकण उडावं तसं फुटलेलं हसू, आणि शेवटी दम लागल्यासारखी ती वर जाणारी उचकी. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. पडद्यावर एक बाप्या लुगडं नेसून लोळत होता. तुम्ही कुठेच नव्हता. असणार तरी कशा? तुमच्या खाटेच्या जागी आता कपाट आलंय, आणि तुमच्या फोटोला घातलेला चंदनाचा हारसुद्धा जुना झालाय.

तुमच्याशी मी आयुष्यभर बेतानंच बोलले. सासूशी सून बोलते तेवढंच. पण चार ओळी लिहायला हात वळतो तो तुमच्यामुळे. मी सातवीतून उठलेली. दुपारची भांडी झाली की तुम्ही पाय पसरून बसायच्या आणि म्हणायच्या, "वाच गो, पेपरात काय म्हणतायत ते." बातमी वाचायची, मग तुमची शेरेबाजी ऐकायची. अशीच अक्षरांची भीती गेली. म्हणून आज हे लिहायला बसलेय. तोंडानं बोलले असते तर निम्मं गिळलं असतं.

लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा आपण चाळीत होतो. शेजारणीनं काहीतरी सांगितलं आणि मी खो खो हसले, तर तुम्ही आतून आलात, मोठ्यानं नाही बोललात, नुसतं म्हणालात, "अगो, बायमाणसाचं हसू चुलीपुढं. बाहेरच्या ओट्यावर नाय." मला तेव्हा राग आला होता. पण तुम्ही मला सांगत होता तेच स्वतः पाळत होता. हसू आलं की तुमचा उजवा हात आपोआप उठायचा आणि पदर तोंडावर जायचा. खांदे हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आवाज मात्र नाही. घरातला कुठलाही फोटो काढून बघावा, ओठ मिटलेले. तुमच्या मुलाच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा तुम्ही तिकीट काढायला रांगेत उभ्या असल्यासारख्या उभ्या आहात.

मग आपण इंद्रलोकमधल्या फ्लॅटमध्ये आलो आणि समोरच्या गुजराती बेननं आपल्याला त्या नादाला लावलं. काशीमिऱ्याच्या पुढे, घोडबंदर रोडला स्टुडिओ आहे, तिथे प्रेक्षक म्हणून बसायला माणसं लागतात, खाली बस येते, वर खायला पाकीट मिळतं. "चालो ने बा, एसीमां बेसवानुं ने हसवानुं, बीजुं कंई नथी," बेन म्हणाली. एसीत बसायचं आणि हसायचं, एवढंच. तुम्ही म्हणालात, "हसायला बस पाठवतात? येडे आहेत का मेले?" आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्याआधी जिन्यात उभ्या.

तो पहिला दिवस मला अजून दिसतो. थंडगार भला मोठा हॉल, वर दिवेच दिवे, आपण तिघी पुढच्या रांगेत. बसमधून नेणारा तो को-ऑर्डिनेटर समोर येऊन सांगतोय, कधी टाळ्या, कधी हसायचं. मग एक नक्कल सुरू होते. एक काटकुळा नट कोपर वाकवून नळ होऊन उभा राहतो. त्याच्यापुढे दोन बायका हंडे घेऊन बसतात, पाणी यायची वाट बघत अख्ख्या बिल्डिंगची उणीदुणी काढतात, आणि दर वेळी कोणाचं नाव निघालं की नळ फुसफुसतो. कधी दचकून, कधी "काय सांगता!" म्हटल्यासारखा. शेवटी नळाला बिचाऱ्याला पाणी येतं, तो "आलं, आलं" म्हणून धडपडतोय, आणि बायकांचं लक्षच नाही. तुमचा पदर तोंडावर. आपणही असंच नळावर उभं राहून दिवस काढलेले. तेवढ्यात तो को-ऑर्डिनेटर वाकून येतो, "मावशी, पल्लू नीचे. हात खाली. दात दिसले पाहिजेत, दात." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही हात मांडीवर ठेवलात, पदर मुठीत धरलात, आणि नळ पुन्हा फुसफुसला तेव्हा तुमच्यातून ते हसू बाहेर पडलं. पन्नास वर्षांचं दाबून ठेवलेलं. स्टेजवरचा नळसुद्धा एकदा तुमच्याकडे वळून बघायला लागला. मी तर नक्कल बघायची सोडून तुम्हालाच बघत राहिले.

त्यानंतर आपण किती वेळा गेलो याचा हिशोब नाही. घरी आलो की तुम्ही किचनचं दार लावून घ्यायच्या आणि ओट्यापाशी कोपर वाकवून नळ व्हायच्या. मी पदर शोधायला लागले की म्हणायच्या, "हस गो, मोठ्यानं हस. मी उगाच फुकट घालवलं सगळं." हे एवढं एकच वाक्य तुम्ही मला दिलंत, पण माहेरच्या सगळ्या आहेरापेक्षा ते मला जास्त पुरलं.

कार्यक्रम मात्र हळूहळू पातळ होत गेला. खानावळीच्या आमटीसारखा. पहिल्या दिवशी पाट्यावरचं वाटण, माणसं वाढली की एक तांब्या पाणी, मग आणखी एक, मग नुसता रंग. आधी त्या नकलांत आपल्यासारखी माणसं असायची, बंद लिफ्टमध्ये अडकलेली, सोसायटीच्या मीटिंगला फक्त चहाबिस्किटांसाठी येणारी. पुढे नुसती आरडाओरड. कोणी जाड म्हणून हसा, कोणी काळी म्हणून हसा, काही सुचलं नाही की पुरुषाला साडी नेसवा आणि आपटा. पाहुणे यायचे, आपल्या सिनेमाची जाहिरात करायचे, आणि नकला करणारेच आधी हसून मोकळे व्हायचे. परतीच्या बसमध्ये तुम्ही म्हणालात, "पूर्वी हसवायचे. आता गुदगुल्या करतायत. गुदगुल्यांनी माणूस हसतो गो, पण त्याला राग येतो."

आणि मग तो दिवस. एक नट म्हातारी झाला होता. ती जेवलेली असते आणि विसरते, पुन्हा पुन्हा जेवायला मागते, आणि सून तिच्या डोक्यात पळी मारते. दर पळीला ढोल वाजतो. सगळा हॉल हसतोय, बेन हसतेय, खोटं कशाला बोलू, मलाही आलं थोडं. तुम्ही पदर तोंडावर घेतलात, पण खांदे हलत नव्हते. को-ऑर्डिनेटर आला, "मावशी, प्लीज, पुढची रांग आहे. थोडं तरी स्माईल." तुम्ही पदर काढलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "बाळा, तिला कोणी वाढलं का ते आधी बघ. मग हसते." तो बिचारा काय वाढणार? तुम्ही उठलात, मीही उठले, आणि पाकीट न घेता आपण दोघी रिक्षानं घरी आलो. परत कधी गेलो नाही.

तेव्हा मला वाटलं, तुमचा मानी स्वभाव. पुढे दोन पावसाळे गेले आणि एका दुपारी ताट घासून पालथं घातलेलं असताना तुम्ही मला विचारलंत, "जेवले का गो मी?" त्या दिवशी स्टुडिओत तुम्हाला आधीच कळायला लागलं होतं का, आई? तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. तुम्ही जेवलात असं मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. प्रत्येक वेळी चमचाभर भात, वर थोडी आमटी. "बसा, वाढते." तुमचा मुलगा म्हणायचा, पोट बिघडेल. नाही बिघडलं. शेवटी शेवटी मी तुमच्यासमोर कोपर वाकवून नळ व्हायचे, फुसफुसायचे. तुम्ही माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघायच्या. माणूस जायच्या आधी त्याचं हसू जातं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून परवा मी तशी धावले. बेनला बोलावलं, तिनं तिच्याकडे तोच भाग मोबाइलवर लावला, दोनदा ऐकला आणि डोळे पुसले. "बा ज छे, बाच आहेत," म्हणाली. "आता ऑडियन्स नाही ना बोलावत. जुना जमा केलेला आवाज घालतात. मशीन हसे छे." म्हणजे तुम्ही त्या दिवशी नळावर हसलात ते त्यांनी साठवून ठेवलंय, आणि जिथे कोणीच हसणार नाही तिथे ओततात. पण कुठे ओतलं ते ऐका. सुचायचं बंद झालं म्हणून त्यांनी जुनंच सोंग पुन्हा काढलं होतं. जेवण विसरणारी म्हातारी. डोक्यात पळी, ढोल, आणि त्यावर तुमचं हसू.

रात्री यांना ऐकवलं. हे ऐकत राहिले, मग मोबाइल पालथा ठेवला. "आई ह्याच्यावर हसली नव्हती," म्हणाले.
"नव्हत्या. मी होते ना शेजारी."
"मग बंद कर तो कार्यक्रम. पुन्हा घरात लावू नकोस."

यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही खऱ्या मनानं दिलेली एकच गोष्ट, आणि ती त्यांनी नेमकी त्या म्हातारीच्या डोक्यावर आपटली. पण माझ्याकडे दुसरं काय आहे? फोटोत तुमचे ओठ मिटलेले. म्हणून हे संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसले की मी टीव्ही लावते आणि स्वतः किचनमध्ये येते. इथवर शब्द पोचत नाहीत. कोण कोणाला मारतंय, कोणाच्या रंगावर बोलतंय, काही कळत नाही. फक्त हसू पोचतं. त्या गर्दीतून कधीतरी तुमचं येतं. मी ओट्यापाशी उभी राहते आणि मनात म्हणते, त्या नळावरच हसतायत.

आज सकाळी बेन आली, खुशीत. कार्यक्रम सुधारायचं ठरलंय म्हणे. नवे लिहिणारे आणलेत, मशीन बंद, पुन्हा खरी माणसं बोलावणार, खाली बस येणार. "चालो ने. बा असती तर सगळ्यांत पुढे बसली असती." खरंय. चांगली सोंगं परत यावीत असं तुम्हालाच सगळ्यांत जास्त वाटलं असतं. पण मशीन बंद म्हणजे तुमचं हसूही बंद. आणि मी गेले, हात खाली ठेवून मोठ्यानं हसले, तर माझं हसू तुमच्या जागी बसेल.

मी बेनला सांगितलं, गुडघे फार दुखतात, बसमध्ये चढवणार नाही. तिनं तेल आणून दिलंय चोळायला.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवतेय, तिथे कोणी हात घालत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, आई, माझे गुडघे अगदी ठणठणीत आहेत.